बारा किलो तांदूळ आणि पर्थचा उन्हाळा

जव्हार,
८ जुलै २०२५

श्री. येसू गुरुजी यांस,
सावळा वारघडे याचा सा. न. वि. वि.

पत्र लक्ष्याच्या हाती देतो आहे. सकाळची पहिली जीप घेऊन तो पोशेऱ्याच्या फाट्यावर येईल तेव्हा तुम्हाला मिळेल. फोनच करणार होतो. पण तुमच्याकडे रेंज मिळते ती गोठ्यामागच्या दगडावर चढल्यावर, आणि त्या दगडावरचं बोलणं निम्मं पोशेरा ऐकतं. शिवाय व्याह्यांनी महत्त्वाचं असेल ते लेखी बोलावं, हा नियम तुम्हीच लग्नात घातलात.

मुद्दा पर्थचा. ऑस्ट्रेलियाहून उमेशचा परवा फोन होता. घरात पाहुण्यांची खोली एकच आहे, तेव्हा आधी रोहिणीचे आईबाबा येऊ देत, मागून तुम्ही दोघं या, असं तो म्हणाला. मला पटलं. पुढची सीट मानाची, ती मुलीकडच्यांना. मी आणि जिजा मागे दाटीवाटीने बसू, सवय आहे. तुमचे पासपोर्ट झाले, व्हिसा झाला, तो वर्षभर चालतो. आता फक्त महिना ठरवायचा राहिला आहे आणि तो गेले तीन महिने राहिलाच आहे.

गुरुजी, एक सांगतो, रागावू नका. रोहिणी काल जिजेपाशी फोनवर रडली. म्हणाली, तीन वर्षं झाली बाबांना पाहून, आणि मी कधी या म्हटलं की बाबा तिथल्या हवामानाची अडचण काढतात. माझ्या मनाने लग्न केलं त्याचा राग अजून गेला नाही का? जिजेने तिला समजावलं, पण जिजेचं समजावणं म्हणजे दोघी मिळून रडणं.

मी म्हटलं, तुझ्या बाबांच्या मनात राग नाही. तेवढंच बोललो, कारण माझ्याही मनात एक प्रश्न आहे. लग्नानंतर तुम्ही माझ्या घरी चारदा आलात. पहिल्यांदा उपास होता. दुसऱ्यांदा दाढ दुखत होती. तिसऱ्यांदा तुम्ही नुकतेच जेवून आला होतात, सकाळी आठ वाजता. चौथ्यांदा पित्त. चार भेटींत पाण्याचा घोट नाही. कारण विचारत नाही. फक्त मोजलं.

महिना कळवा. लोभ आहेच, जीपसारखा आहे, आणखी एकाला जागा निघते.

तुमचा,
सावळा

पोशेरा,
१३ जुलै २०२५

श्री. सावळाराव यांस,
येसू झोले यांचा सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र पोचले. भाताची आवणी चालू असल्याने उत्तरास विलंब झाला. हाताला चिखल आहे, अक्षर सांभाळून घ्यावे.

रोहिणी रडली हे वाचून मन खिन्न झाले. राग नाही, हे तिला माझ्या वतीने पुन्हा सांगावे. परंतु प्रवास हा शास्त्र पाहून करावा. पर्थ हे नगर सुमारे बत्तीस अंश दक्षिण अक्षांशावर आहे. तेथे ऋतू आपल्या उलट येतात. हे मी आश्रमशाळेत एकतीस वर्षे शिकवले. तुमच्या उमेशलाही सातवीत शिकवले आणि त्याने परीक्षेत उलट्याचे उलटे लिहिले होते.

आता एकेक ऋतू पाहू. जून ते ऑगस्ट तेथे हिवाळा आणि तोच पावसाळा. एक पाऊस सोडून दुसऱ्या पावसात जाण्यात काय हशील? शिवाय येथे आवणी. डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा. पारा चाळिसाच्या वर जातो, आणि तिथल्या उन्हाने कातडी सोलते असे मी वाचले आहे. मार्च ते मे शरद. हवा बरी असते, पण त्याच काळात आपल्याकडे बोहाडा. देवाची सोंगे नाचवायची, आणि आमच्या घराकडे गणपतीचे सोंग आहे. तो मुखवटा दुसऱ्याच्या डोक्यावर देता येत नाही. राहता राहिला सप्टेंबर ते नोव्हेंबर. हा वसंत, रानफुलांचा काळ, सर्वोत्तम. पण नेमकी तेव्हा भातकापणी.

थोडक्यात, पर्थचा दोष नाही. पृथ्वीच्या आसाचा कलच आपल्या कुटुंबास प्रतिकूल आहे.

दाढ खरोखर दुखत होती. सौ. जिजाबाईंना नमस्कार. स्नेह वाढावा, वाट पाहावी.

आपला,
येसू म. झोले

जव्हार,
२१ ऑगस्ट २०२५

श्री. गुरुजी यांस,
सा. न. वि. वि.

पृथ्वीच्या आसावर माझा काही उपाय नाही. जीपचा असता तर काल रात्रीच बदलून दिला असता.

मात्र कापणीचं कारण मागे घ्या. तुमच्या दोन्ही वावरांची कापणी मी उभा राहून करवून घेतो. माझा बाप, बाळी वारघडे, तुमच्या बापाचं भात कापायचा हे तुम्हाला ठाऊक आहे. मी बापाचा विळा अजून जपून ठेवला आहे, धार आहे त्याला. तेव्हा सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, सगळ्यात चांगला ऋतू, तुमचा. मी मागून कधीही जाईन. उन्हाळ्यात गेलो तरी मला काय, दाभोशाच्या चढावर तापलेल्या बॉनेटवर बसून मी चटणी-भाकर खाल्लेली आहे.

तुम्ही हो म्हणत असाल तर उमेश दसऱ्याच्या आत तिकीट काढतो.

परवा तुम्ही तालुक्याच्या कामाला आलात आणि दारात पाच मिनिटं उभे राहिलात. जिजेने चहा टाकला होता. तुम्ही म्हणालात, जीप सुटेल. गुरुजी, जीप माझी. मी सांगेपर्यंत ती कशी सुटेल?

असो. आमची आठवण ठेवा. उंबऱ्याच्या आत येऊन ठेवली तर अधिक बरं.

तुमचा,
सावळा

पोशेरा,
१९ नोव्हेंबर २०२५

श्री. सावळाराव यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

दसरा गेला, दिवाळी गेली, माझे उत्तर गेले नाही, याबद्दल क्षमा असावी. वसंत हुकला. कापणीला तुम्ही तीन दिवस येऊन राबलात. दुपारी तुम्ही बांधावर आमची भाकरी खाल्लीत आणि मला काहीही विचारले नाहीत. ते माझ्या ध्यानात आहे.

आता आनंदाची वार्ता. मी व सौ. जयश्री यांनी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पर्थला जाण्याचे निश्चित केले आहे. तुम्ही म्हणाल, हा तर भर उन्हाळा. खरे आहे. तथापि सर्व बाजूंनी विचार करता हाच काळ योग्य वाटतो. तपशिलात जात नाही. बोहाड्याच्या आत परत येऊ.

एक विनंती. तुमच्याकडे टपावर सामान बांधण्याच्या ताडपत्रीच्या मजबूत पिशव्या आहेत. त्यांपैकी दोन मिळाव्यात. ओझे थोडे अधिक आहे. लक्ष्याला सांगावे की विमानतळापर्यंत तोच येईल, कारण तो पिशव्या आपटत नाही.

चि. रोहिणीस तारीख कळवावी. ममत्व असू द्यावे.

आपला,
येसू

जव्हार,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रोहिणी हिस,
सावळादादाचे अ. उ. आ. वि. वि.

या पत्राचा फोटो काढून जिजा तुला पाठवेल. फोनवर बोललो असतो, पण मग जिजा मध्येच हसेल आणि सगळं सांगून टाकेल. वाचून झालं की फोटो पुसून टाक.

तुझे बाबा जानेवारीत येत आहेत. आनंद झाला ना? आता हे ऐक.

शुक्रवारी लक्ष्या सुट्टीवर होता म्हणून मोखाड्याची फेरी मीच मारली. पोशेऱ्याच्या फाट्यावर तुझी गोदाआत्या चढली, मागच्या सीटवर बसली. ड्रायव्हर मी आहे हे तिने पाहिलं नाही, तिला टोपीच दिसली. बाळ, चालत्या इंजिनात कुठला व्हॉल्व्ह वाजतो हे मला ऐकून कळतं. मागच्या सीटवरची कुजबुज तर माझ्यासाठी दवंडी आहे.

आत्या शेजारणीला सांगत होती. आमचा येसू लेकीकडे निघालाय, पण खाणार काय? लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आमच्या आईने, गोजाबाईने, मरताना त्याच्याकडून शब्द घेतलाय. आई स्वतः माझ्या सासरी वांगणीला चालत यायची ती फडक्यात भाकरी बांधून, आणि ओट्यावर बसून आपली आपण खाऊन परत जायची. शेजारीण म्हणाली, एवढा शिकलेला माणूस, शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं देतो. आत्या म्हणाली, म्हणून तर कुणाला सांगत नाही. लाजतो. आता नवीन भात आलाय ना घरात, गिरणीवरून बारा किलो तांदूळ सडून आणलाय. नागलीचं पीठ, तूर, सुकट, सगळं घेऊन जाणार. पावसाळ्यात भाताच्या कणगीचा तळ दिसत होता, तेव्हा कुठला जायला?

कळलं तुला? तो ऋतू पर्थचा पाहत नव्हता. तो कणगीचा पाहत होता.

मी गाडी जव्हारच्या स्टँडला लावली आणि त्या चार भेटी पुन्हा मोजल्या. रोहिणी, तुला वाटत होतं बाबा रागावलेत. मला काय वाटत होतं ते आज सांगतो. चार वर्षं मी समजत होतो, गुरुजी माझ्या घरी खात नाहीत ते मी बाळी मजुराचा मुलगा म्हणून. त्यांच्या बापाच्या बांधावर माझा बाप उकिडवा बसायचा, ते त्यांच्या मनातून गेलं नाही म्हणून. हसत होतो, मोजत होतो, आणि आत जळत होतो. आणि खरी गोष्ट काय, तर माझं घर म्हणजे तुझं सासर. तुझं सासर म्हणजे तुझं घर. माझ्या घरच्या चहाला तुझ्या आजीने आडकाठी घातली होती!

मूल होणं न होणं तुमचं तुम्ही पाहा, त्यात मी आणि जिजा कधी बोललो नाही, बोलणार नाही. पण त्याच्यासाठी तुझ्या बापाने दोन महिने तुझ्या घरात वेगळी चूल मांडायची? ते मला सहन होणार नाही.

तेव्हा एवढंच कर. उमेशने मागे सांगितलं होतं की तिथल्या विमानतळावर बाहेरचं धान्य, पीठ, बी-बियाणं आत येऊ देत नाहीत, टेबलावर काढून ठेवून घेतात. हे बाबांना सांगू नकोस. मीही सांगणार नाही. दोन पिशव्या मात्र माझ्याच देतो, मजबूत. फक्त विमानात जो कागद भरायचा त्यावर सगळं खरं लिहायला लाव, नाहीतर दंड होतो. शिक्षकाला खरं लिहायला सांगणं तेवढं अवघड नसावं.

बारा किलो नवा तांदूळ जाईल याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यातला निम्मा मी कापलेला आहे.

उमेशला आशीर्वाद. माया आहे ती कळवायची कशाला, तरी कळवतो.

सावळादादा

जव्हार,
२ जानेवारी २०२६

श्री. गुरुजी यांस,
सा. न. वि. वि.

पिशव्या पाठवल्या आहेत. तळाला दुहेरी शिवण आहे. तुम्ही सामान नीट भरा, काही मागे ठेवू नका. सुकट वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर सगळ्या विमानाला कळेल की मोखाड्याचा माणूस आला आहे.

विमानात एक कागद देतील. सोबत काय काय आहे ते त्यात विचारतात. सगळं खरं लिहा. तुम्ही लिहालच.

जानेवारीच का, हे मी विचारलं नाही. एकच मनात आलं ते सांगतो. विषुववृत्त ओलांडलं की सगळं उलटं होतं, थंडीत उन्हाळा येतो, दुपारचा सूर्य उत्तरेला जातो, असं तुम्हीच शिकवलंत. मग इकडचे नियमही तिकडे उलटे होत असतील का? म्हणजे समजा इकडे जे चालत नाही ते तिकडे केलंच पाहिजे, असं. मी फार शिकलेला नाही, म्हणून विचारलं.

विहीणबाईंना सांगा, खिडकीची सीट त्यांनी घ्यावी. तुम्ही नकाशा बघत बसाल.

वाट सुखाची होवो. इथे मागे राहिलेल्यांवर लक्ष असू द्या.

तुमचा,
सावळा

पर्थ,
२० जानेवारी २०२६

श्री. सावळाराव यांस,
येसू झोले यांचा दक्षिण गोलार्धातून सप्रेम नमस्कार वि. वि.

सुखरूप पोचल्याचे फोनवर सांगितलेच. बाकीचे फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून टपालाने लिहितो. हे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत माझी लाज थोडी निवळलेली असेल.

कागदावर मी सर्व खरे लिहिले. तांदूळ, बारा किलो, स्वतःच्या शेतातला. नागलीचे पीठ, चार किलो. तूर. सुकट. जागा अपुरी पडल्याने पाठीमागे लिहिले. टेबलापाशी एक मुलगी होती, वयाने रोहिणीएवढी, अतिशय नम्र. तिने एकेक पुडी उघडली. नागली म्हणजे काय ते मी तिला दहा मिनिटे समजावले, तिने मन लावून ऐकले आणि पीठ कचऱ्याच्या डब्यात टाकले. तांदूळ टाकताना मात्र माझ्याकडे पाहून ती थांबली. क्षमा मागितली. मग टाकला. तुमच्या पिशव्या रिकाम्या झाल्यावर तिने घडी घालून परत दिल्या आणि शिवणीचे कौतुक केले.

पहिला दिवस मी नळाच्या पाण्यावर काढला. पाणी नगरपालिकेचे, ते लेकीचे होत नाही, असा निर्णय मी विमानातच घेतला होता. सौ. जयश्री मात्र माझ्यासमोर बसून दोनदा जेवल्या. त्यांचे म्हणणे असे की सासूबाईंनी शब्द माझ्याकडून घेतला, त्यांच्याकडून नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून स्वतःचे काही आणावे म्हणून मी दुपारी छत्री घेऊन निघालो. उमेश आणि रोहिणी दोघेही कामावर होते. उमेशने सकाळी सांगितले होते की दुकान घरापासून सरळ उत्तरेला, पायी पंधरा मिनिटे. पारा बेचाळीस होता. आता ऐका, आणि लक्ष्याला सांगू नका. जन्मभर माझा पाय दुपारचा सूर्य दक्षिणेला धरून चालला. सूर्य पाठीवर घ्यावा म्हणजे उत्तर. तसा तो पाठीवर घेतला आणि निघालो. येथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, हे मी एकतीस वर्षे फळ्यावर काढले आहे, पण ते माझ्या पायांना कुणी शिकवले नव्हते. दीड तास मी दुकानाकडे पाठ करून चालत होतो. शेवटी एका बाकावर बसलो. एका वृद्ध बाईंनी माझ्या खिशातला पत्ता व नंबर पाहून रोहिणीला फोन केला.

ती कामावरून तशीच आली, वृद्धाश्रमाच्या गणवेशात.  घरी आल्यावर तिने भात टाकला, वरण केले, ताट वाढले आणि माझ्यासमोर बसली. मी ग्लासातले पाणी पीत होतो. तेव्हा ती म्हणाली, बाबा, मी रोज अकरा जणांना हाताने भरवते. सगळे कुणाचे तरी बाप आहेत. त्यांचं तोंड पुसून घरी येते, आणि माझा बाप खुर्चीवर बसून नळाचं पाणी पितो.

सावळाराव, मी जेवलो. दोनदा भात घेतला. तांदूळ येथल्या दुकानातला, अगदीच निःसत्त्व, पण ते मी तिला सांगितले नाही. आईचा शब्द मी पोशेऱ्यात दिला होता, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेला, असे मनाचे समाधान केले. हा मुद्दा तुमचा आहे, हे मान्य करतो.

जेवण झाल्यावर कामावरून परतलेला उमेश हसू लागला आणि मग सगळे बाहेर आले. पिशव्या देतानाच तुम्हाला सर्व ठाऊक होते! तुम्ही चार वर्षे मनात काय धरून होता, तेही रोहिणीने सांगितले. ते ऐकल्यावर मात्र घास घशात अडकला असता, बरे झाले जेवण आधी झाले. तुमचे वडील आमच्या बांधावर बसत तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. मी पळत त्यांच्याकडे जाई, कारण त्यांच्या फडक्यातली लाल चटणी आमच्या घरच्यापेक्षा तिखट असे. बाळीकाकांनी मला कधी परत पाठवले नाही. हे तुम्हाला सांगायला हवे होते. नियमाच्या लाजेपायी सांगायचे राहून गेले.

काल रोहिणीने विचारले, बाबा, आता सांगा, पर्थला यायला चांगला ऋतू कोणता? मी म्हटले, ज्या ऋतूत कणगी रिकामी असेल तो. तुम्ही सप्टेंबरात या, सावळाराव. रिकाम्या हाताने या.

आम्ही ४ मार्चला मुंबईस उतरतो. बोहाड्याला वेळ आहे. लक्ष्याला सांगावे की पोशेऱ्याला नंतर जाऊ, आधी जव्हार. मोडलेला शब्द पुन्हा जोडून तुमच्या दारात उपाशी उभे राहण्यात काही अर्थ नाही. विमानात मी काही खाणार नाही.

आपला,
येसू

जव्हार,
९ फेब्रुवारी २०२६

श्री. गुरुजी यांस,
सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. जिजेने दोनदा वाचायला लावलं, चटणीचं तिसऱ्यांदा. बापाची लाल चटणी तिला येते, सासऱ्याकडूनच शिकली. खलबत्ता लगेच घासून ठेवला.

४ मार्चला लक्ष्या नाही, मीच गाडी घेऊन येतो. पुढची सीट तुमची. पिशव्या परत आणा.

जिजा विचारते, जेवायला काय करू. मी म्हटलं, काही ठरवू नको, चार जेवणं एकदम वाढायची आहेत, एक उपासाचं, एक दाढेचं, एक सकाळी आठचं आणि एक पित्ताचं. सुटलेल्या जीपचा चहा वेगळा.

लोभ तर आहेच. तुम्ही फक्त भूक घेऊन या.

तुमचा,
सावळा बाळी वारघडे